गिअरबॉक्स बदलायचा आहे, मग इंजिन उतरवायचं का?

गिअरबॉक्स गेला असं कळलं की खर्चाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: इंजिन पण उतरवावं लागणार का? बहुतेक गाड्यांसाठी उत्तर आहे, नाही. अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, ईको, बोलेरो अशा कोल्हापुरात रोज दिसणाऱ्या मॅन्युअल गाड्यांचा गिअरबॉक्स इंजिन जागेवर ठेवून खालून काढता येतो. इंजिन उतरवायला ठोस कारण लागतं. ती कारणं कोणती, आणि एकट्या गिअरबॉक्सचं काम कसं करायचं, ते इथे सांगितलं आहे. पाना धरता येतो, ब्रेक शू किंवा सस्पेन्शनचं काम केलं आहे, पण गिअरबॉक्सला अजून हात लावलेला नाही, अशांसाठी हे आहे.

गिअरबॉक्सच गेलाय ना?

चांगले गिअरबॉक्स उगाच उतरवले जातात, कारण दोष क्लचमध्ये असतो. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत सहज पडतात आणि चालू गाडीत अडतात, रिव्हर्स टाकताना खरखर वाजतं, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल ताणली गेली असेल, हायड्रॉलिकमध्ये हवा असेल किंवा प्रेशर प्लेट थकली असेल.

आवाजावरूनही बरंच कळतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, क्लचवरून पाय काढलेला, घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते: इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लचचं काम. वळणावर टक-टक वाजतं: ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा आणि न्यूट्रलमध्ये उतारावर सोडल्यावरही राहणारा घुंघुं आवाज डिफरेन्शियलचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो. तिसऱ्यात चालवत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअर न्यूट्रलला उडी मारतो, तर दोष बहुधा आतच आहे. तरी आधी माउंटिंगची रबरं बघून घ्या. फाटलेल्या माउंटिंगमुळे इंजिन डुलतं आणि गिअर सुटतो.

शेवटची परीक्षा तेलाची. थोडं तेल भांड्यात काढा आणि उन्हात धरा. सोनेरी चकाकी असेल तर ती पितळी सिंक्रो रिंगची (गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेल्या कड्यांची) झीज आहे, जुन्या गाडीत ती थोडी असतेच. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी पेस्ट असणंही नॉर्मल. पण लोखंडाचे तुकडे, दाताचा कोपरा किंवा पत्र्यासारख्या कपच्या निघाल्या तर वाद संपला. तेल दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि जुनी गाडी किंवा जुना गिअरबॉक्स घेताना हे विसरू नये. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा जाण्यासाठी ब्रीदर असतो, पाणी तिथून शिरतं. लगेच तेल बदललं असेल तर गिअरबॉक्स वाचतो. महिनोन्‌महिने तसाच राहिला असेल तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे पडतात आणि आवाज कायमचा मुक्कामाला येतो.

इंजिन कधी उतरवायचं

चार गोष्टी बघायच्या.

पहिली, गिअरबॉक्सला बाहेर यायची वाट आहे का. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि गिअरबॉक्स डाव्या बाजूला, बॅटरीच्या खाली असतो. तो इंजिनपासून डावीकडे इनपुट शाफ्टच्या लांबीइतका सरकला पाहिजे आणि मग खाली आला पाहिजे. मध्ये चासीचा दांडा किंवा सबफ्रेम येते. काही गाड्यांत सबफ्रेम सैल करून खाली घेतली की जागा होते. काहींत कंपनीचं मॅन्युअलच सांगतं की इंजिन, गिअरबॉक्स आणि सबफ्रेम एकत्र खाली सोडा. त्या गाडीत जबरदस्तीने एकटा गिअरबॉक्स काढायचा हट्ट करू नका, एसीचे पाइप आणि वायरिंग त्यात बळी जातात.

दुसरी, इंजिनचं स्वतःचं काम निघालंय का. क्रँकचं मागचं ऑईल सील गळत असेल तर त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नाही, गिअरबॉक्स निघाल्यावर ते समोरच येतं. क्लच आणि फ्लायव्हीलचंही तसंच. पण इंजिन निळा धूर टाकतंय, तेल पितंय, रिंग-पिस्टन करायचेच आहेत, तर दोन्ही एकत्र काढणं शहाणपणाचं. सहा महिन्यांनी तेच बोल्ट पुन्हा खोलण्यात अर्थ नाही.

तिसरी, जागा आणि साधनं. लिफ्ट किंवा पिट असेल तर प्रश्नच मिटला. घरासमोर जॅकस्टँडवर, म्हणजे आपल्या भाषेत घोड्यांवर काम करायचं असेल तर जमिनीपासून गाडीच्या खालच्या कडेपर्यंत अर्धा मीटर तरी उंची हवी. नाहीतर गिअरबॉक्स उतरतो खरा, पण गाडीखालून बाहेर सरकत नाही. हा हिशेब आधी टेपने करा.

चौथी, गाडीतली बाकीची गुंतागुंत. इंजिन काढायचं म्हणजे कूलंट, रेडिएटर, इंधनाचे पाइप, सायलेन्सर, सगळं वायरिंग आणि एसी कॉम्प्रेसर बाजूला करायचे. सीएनजी गाडीत टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पाइपातला गॅस संपवायचा, आणि त्या उच्च दाबाच्या पाइपांना नवख्याने हात लावायचा नाही. फक्त गिअरबॉक्ससाठी एवढा पसारा मांडण्यात फायदा एकच: जोडणी जमिनीवर, उजेडात, दोघांनी सहज होते.

हिशेब करायचा तर सवय नसलेल्या दोघांना पिटवर गिअरबॉक्सला एक पूर्ण दिवस आणि इंजिनसकट काढायचं तर किमान दोन दिवस धरा. त्यात एखादा गंजलेला बोल्ट तुटला की तिसरा.

दुसरा गिअरबॉक्स घेताना

नवा, दुरुस्त केलेला किंवा भंगारातून जुना, असे तीन पर्याय आहेत. जुना घेताना "स्विफ्टचाच आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. पेट्रोल आणि डिझेलचे वेगळे असतात, एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर, स्पीड सेन्सरची जागा आणि माउंटिंगचे कान बदलतात. दोन्ही शेजारी ठेवून इनपुट शाफ्टवरचे आटे (लांबीच्या दिशेचे दाते, म्हणजे स्प्लाइन) मोजा, बेल हाऊसिंगची (इंजिनला टेकणाऱ्या घंटेसारख्या तोंडाची) भोकं जुळवा, रिव्हर्स स्विचचं सॉकेट बघा. इनपुट शाफ्ट हाताने फिरवा: गुळगुळीत फिरला पाहिजे, खडखड किंवा वर-खाली जास्त हलणं चालणार नाही. सगळे गिअर हाताने टाकून बघा. तेल काढून बघा. विकणारा तेल काढू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

आरसीवर इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे गिअरबॉक्स बदलला म्हणून आरटीओत जावं लागत नाही. इंजिन बदललं तर मात्र जावं लागतं. जुन्या मालाचंही बिल घ्याच.

सोबत हे आणून ठेवा: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट, क्रँकचं मागचं सील, ड्राइव्ह शाफ्टची दोन सीलं, ड्रेन प्लगचा वॉशर, हबचे नवे नट, नवे कॉटर पिन आणि तेल. तेल ही बारीक वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट आहे. पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल लागतं, बहुधा ७५डब्ल्यू-९० किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं. "जीएल-५ म्हणजे वरचा दर्जा" म्हणून ते ओतू नका. त्यातली गंधकाची मात्रा पितळाला खाऊ शकते. जीएल-५ हे बोलेरोसारख्या गाडीच्या मागच्या डिफरेन्शियलसाठी, तिथले दात एकमेकांवर घासत फिरतात. छोट्या गाड्यांना साधारण दोन ते अडीच लिटर लागतं, तीन लिटर आणा.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी: काढताना

जागा सपाट आणि टणक हवी. पावसाळ्यात मातीच्या अंगणात हे काम नको. फरशी असली तरी घोडीखाली जाड फळी घाला. मागच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून उटी लावा.

गाडी अजून चाकांवर असताना हबचा मोठा नट सैल करा. त्याची कड छिन्नीने आत ठोकलेली असते, ती आधी सरळ करा, नाहीतर शाफ्टचे आटे जातात. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने लांब दांडा लावून फिरवायचं. गाडी उचलल्यावर हा नट सोडवायला जाणं म्हणजे गाडी घोडीवरून पाडायचं आमंत्रण.

बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, मग बॅटरी आणि तिचा ट्रे, मग एअर फिल्टरचा डबा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. बेल हाऊसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून एका पुठ्ठ्यावर हाऊसिंगचा गोल काढा आणि जो बोल्ट जिथला तिथे खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो शेवटपर्यंत घट्ट होत नाही, किंवा समोरचं ॲल्युमिनियम फोडून बाहेर येतो.

तेल काढण्याआधी भरायचा प्लग उघडतोय का बघा. हे उलटं केलं आणि तो प्लग अडकला तर गाडीत तेल नाही आणि भरायची वाटही नाही. आता क्लच. केबल असेल तर सोडवा. हायड्रॉलिक असेल तर पाइप न खोलता स्लेव्ह सिलिंडर तसाच बाजूला बांधा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की तोवर क्लच पेडल दाबायचं नाही, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो. गिअरच्या केबली, रिव्हर्स स्विच, स्पीड सेन्सर, सेल्फ (स्टार्टर मोटर) आणि अर्थिंगची पट्टी काढा. या पट्टीला नीट खूण करून ठेवा. परत बसवताना ती विसरली तर सेल्फचा करंट क्लच किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते. नव्या केबली का जळतात म्हणून डोकं खाजवणाऱ्यांनी आधी ही पट्टी बघावी.

गाडी उचला, घोड्यांवर टेकवा, चाकं काढा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला की नकल बाहेर ओढता येतं आणि हबमधून शाफ्ट निघतो. आतलं टोक टॉमीने (पहारीसारख्या छोट्या दांड्याने) कडेला टेकवून झटक्यात बाहेर काढा. शाफ्टच धरून ओढू नका, आतला जॉइंट सुटतो आणि त्याचे रोलर वरच्या रबरी आवरणात (बुटात) सांडतात. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट निघाले की डिफरेन्शियलच्या आतली चाकं सरकतात. म्हणून रिकाम्या भोकात योग्य मापाचा प्लग किंवा लाकडी खुंटी घाला. धूळही जात नाही.

आता इंजिनचा भार. उत्तम म्हणजे दोन्ही फेंडरच्या कडांवर टेकणारा आडवा बार आणि त्याला इंजिनच्या कडीतून साखळी. बार नसेल तर खालून जॅक, पण चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) आणि जॅक यांच्यात रुंद फळी हवीच. फळीशिवाय पत्र्याचं चेंबर आत दबतं, आतली तेल ओढायची जाळी त्याला चिकटते आणि तेलाचा दाब पडून नंतर इंजिन जातं. गिअरबॉक्स बदलायला निघून इंजिन गमावायचा हा सर्वांत सोपा मार्ग.

भार घेतल्यावर गिअरबॉक्सची माउंटिंग सोडवा आणि इंजिन त्या बाजूने थोडं खाली झुकवा. झुकवताना रेडिएटरचे होज, एसीचा पाइप आणि सायलेन्सरचा लवचीक तुकडा ताणला जातोय का बघत राहा. गिअरबॉक्सखाली जॅक घेऊन त्याला पट्ट्याने बांधा. मग हाऊसिंगचे बोल्ट. शेवटचा एक हाताने फिरेल एवढा सैल ठेवूनच गिअरबॉक्स हलवून बघा. डॉवेलमुळे, म्हणजे दोन्ही तोंडं जुळवणाऱ्या खुंट्यांमुळे तो चिकटलेला असतो. जोडाच्या गुळगुळीत पृष्ठभागात छिन्नी घालू नका, कानाजवळ टॉमी लावा. सुटल्यावर इंजिनपासून सरळ दूर घ्या. अर्धवट निघालेला गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिला तर क्लच प्लेटचं मधलं हब वाकतं. छोट्या गाडीचा गिअरबॉक्सही तीस-चाळीस किलोचा असतो आणि तो तेलकट असतो. छातीवर घेऊन उतरवायला हे खासबागचं कुस्तीचं मैदान नव्हे, जॅक वापरा.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी

बोलेरो, स्कॉर्पिओ, ईको. इथे इंजिन काढायचा प्रश्न आणखी क्वचित येतो. प्रोपेलर शाफ्ट काढताना दोन्ही फ्लँजवर रंगाने किंवा पंचने खूण करा. ती चुकली तर गाडी ठरावीक वेगाला थरथरते. शाफ्ट निघाला की गिअरबॉक्सच्या शेपटीतून तेल येतं, तिथे प्लास्टिकची पिशवी बांधा. गिअर लिव्हर आतून काढा, मग क्रॉस मेंबर, म्हणजे गिअरबॉक्सला खालून धरणारा आडवा दांडा.

क्रॉस मेंबर निघाला की इंजिन मागे झुकतं. त्याने वरचे दोन बोल्ट सापडतात ही चांगली गोष्ट, गिअरबॉक्सच्या शेपटीकडून लांब एक्स्टेन्शन आणि गोटी घालून ते सुटतात. वाईट गोष्ट ही की पुढचा पंखा रेडिएटरच्या आवरणावर (श्राउडवर) आदळतो. त्यासाठी आधीच लाकडी पाचर लावा. फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस आधी वेगळी करा, एकत्र वजन आवरत नाही. क्रँकच्या टोकात पायलट बेअरिंग असतं, ते बदलूनच टाका.

उघडंच आहे तर

फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक तडे किंवा नखाला लागणारी खाच दिसली तर फेसिंग लागेल. उद्यमनगरातल्या लेथवाल्यांना हे नेहमीचं काम आहे, पण दोन गोष्टी सांगून द्या. फ्लायव्हीलला पायरी असेल तर दोन्ही पातळ्यांवरून सारखाच माल काढायचा, नाहीतर क्लचचा दाब बदलतो. आणि ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं), जे बऱ्याच डिझेल गाड्यांत असतं, ते लेथवर चढवायचंच नाही. ते तपासायचं आणि खराब असेल तर बदलायचं.

क्रँकचं सील बदलताना ओठाला तेल लावा आणि सरळ बसवा. रिलीज फोर्कच्या टेकूला थोडं ग्रीस. क्लच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, ती वाचा. उलटी बसलेली प्लेट गाडी जोडून झाल्यावरच कळते. प्लेट मध्यावर आणायला अलाइनमेंट टूल वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे आवळा. इनपुट शाफ्टच्या आट्यांवर ग्रीसचा पातळ थर द्या आणि जास्तीचं पुसा. उडालेलं ग्रीस प्लेटवर गेलं की क्लच पहिल्याच चढाला घसरतो.

बसवताना

जुन्या जागचे डॉवेल आहेत ना ते बोटाने चाचपा. गिअरबॉक्स जॅकवर घेऊन दोन्ही तोंडं समांतर आणा, वरून आणि खालून फट सारखी दिसली पाहिजे. कोणताही गिअर टाकून बाहेरचा शाफ्ट थोडा फिरवा, आटे जुळले की गिअरबॉक्स हाताने आत सरकतो. शेवटची फट बोटभर राहिली आणि पुढे जात नाही, इथेच बहुतेकजण चुकतात. बोल्ट लावून तो ओढून घ्यायचा मोह होतो. त्याने बेल हाऊसिंगचा कान तुटतो किंवा क्लचचं हब चेचलं जातं. फट आहे म्हणजे काहीतरी अडलंय: आटे, मध्यावर नसलेली प्लेट, किंवा मध्ये सापडलेली वायर. मागे घ्या आणि बघा.

ऑटोमॅटिक गाडीत हीच जागा सर्वांत नाजूक. टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच बाहेर येतो आणि बसवताना आधी गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत गेला पाहिजे. फिरवत ढकलला की तो टप्प्याटप्प्याने आत बसल्याचं हाताला कळतं. अर्धवट राहिला आणि बोल्ट आवळले तर आतला ऑईल पंप तुटतो. एएमटी गाडीत (जिथे मॅन्युअल गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर मोटर हलवते) बसवल्यानंतर स्कॅनरने क्लच आणि गिअरचं लर्निंग करावं लागतं. ती सोय कुठे आहे ते काम सुरू करण्याआधीच ठरवा.

बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. ॲल्युमिनियमचे आटे गेले असतील तर मोठा बोल्ट कोंबू नका, हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घ्या. ड्राइव्ह शाफ्ट आत गेल्यावर लॉक बसल्याचा टक आवाज आला पाहिजे, हलकं ओढून खात्री करा. माउंटिंगचे बोल्ट आधी सगळे हाताने लावा, इंजिन जागेवर स्थिरावू द्या आणि मग आवळा.

तेल गाडी सपाट असताना भरायचं. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, ओसंडायला लागलं की थांबायचं. पुढून उचललेल्या गाडीत भरलं तर पातळी चुकते. जुनं तेल गटारात ओतू नका, ते विकत घेणारे असतात.

चाकं हवेत असतानाच गाडी चालू करा, क्लच दाबून एकेक गिअर टाका, रिव्हर्सही. गळती बघा. मग जमिनीवर घेऊन हबचा नट ठरलेल्या टॉर्कला आवळा आणि त्याची कड पुन्हा ठोका. पहिली फेरी गल्लीतच. दुसरी पन्हाळ्याला: चढताना क्लच घसरत नाही ना ते कळतं आणि उतरताना तिसऱ्यात पाय काढून सोडली की गिअर उडतो का तेही. नव्या क्लचला पहिले काही शे किलोमीटर ओढाताण नको, ट्रॉली ओढणं तर नकोच. शंभरेक किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा उचला, तेलाची पातळी, शाफ्टची सीलं आणि माउंटिंगचे बोल्ट एकदा बघा. हाऊसिंगच्या खालच्या भोकातून थेंब येत असेल तर वास घ्या: गिअर ऑईलचा उग्र वास असेल तर इनपुट शाफ्टचं सील, इंजिन ऑईल असेल तर क्रँकचं.